दहा वावरांची सरासरी आणि तिचा पट्टा

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांनी पीक विमा भरलाय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा. थोडं गणित येईल. सातवी-आठवीत सरासरी आणि वर्गमूळ शिकलेल्या माणसाला जमेल एवढंच.

२०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला. त्यासोबत नुकसानीची वैयक्तिक तक्रार करून मिळणारी भरपाईही गेली. आता भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगावर. म्हणजे महसूल मंडळात काही शेतं निवडायची, प्रत्येकात ठरलेल्या मापाचा चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून वजन करायचं, आणि त्या वजनांच्या सरासरीवरून अख्ख्या मंडळाचं उत्पन्न ठरवायचं. ते 'उंबरठा उत्पन्ना'पेक्षा कमी भरलं तर भरपाई, नाही तर काही नाही.

परवा टपरीवर एका शेतकऱ्याने विचारलं, "काय भाऊ, दहा वावरांत आमचं सारं मंडळ मावलं काय?"

प्रश्न टोमण्याचा होता, पण तो अगदी शास्त्रशुद्ध प्रश्न आहे. दहा वावरांवरून हजारो वावरांबद्दल बोलता येतं का? येत असेल तर किती खात्रीने? याच प्रश्नावर जगातल्या मोठ्या मोठ्या डोक्यांनी शंभर वर्षं घासली आहेत. त्यातून एक उत्तर निघालं. त्याला इंग्रजीत कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात, मराठी पुस्तकांत विश्वास अंतराल. मी या पोस्टमध्ये सरळ 'पट्टा' म्हणतो. या पट्ट्याच्या इतिहासात आपली मराठी माणसं आहेत आणि आपला अकोला जिल्हाही आहे. म्हणून हा प्रपंच.

आधी होता नजर अंदाज

इंग्रजांच्या काळात पीक किती आलं हे डोळ्यांनी ठरायचं. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. पटवारी बांधावर उभा राहायचा, नजर फिरवायचा आणि आणेवारी लिहायचा. आणे गेले, पैसे आले, पण शब्द अजून आहे. आजही नजर पैसेवारी जाहीर होते आणि ती पन्नास पैशांच्या आत आहे की वर, यावर गावात चर्चा रंगते.

नजर अंदाजाची अडचण पटवारी खोटारडा होता ही नव्हती. तो चुकला तर किती चुकला असेल, हे सांगायची सोयच नव्हती. आठ आणे म्हणजे आठच, की सहा ते दहाच्या मधलं काहीतरी? कुणाला माहीत नसायचं, आणि विचारायची पद्धतही नव्हती.

बिहार-ओरिसात हबॅक नावाचे एक आयसीएस अधिकारी होते. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी भाताच्या शेतांत चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने जागा निवडून पीक कापून पाहिलं आणि १९२७ साली त्याचा अहवाल छापला. जागा आपण 'चांगली' किंवा 'सरासरी' बघून निवडायची नाही, नशिबावर सोडायची, हे त्यांचं म्हणणं. पुढे मोठमोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी या कामाचं कौतुक केलं.

दारूच्या कारखान्यातला माणूस

त्याआधी, आयर्लंडमध्ये. डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा रसायनशास्त्रज्ञ कामाला होता. बिअरला सातू लागतो, हॉप्स लागतात. कुठलं वाण चांगलं, हे ठरवायला त्याच्या हातात चार-सहा-दहाच नमुने असायचे. तोवरचं सगळं गणित शेकडो नमुन्यांसाठी होतं. थोड्या नमुन्यांवर ते वापरलं की खोटी खात्री मिळायची.

गॉसेटने १९०८ साली थोड्या नमुन्यांचं गणित बसवलं. कंपनी कामगारांना स्वतःच्या नावाने संशोधन छापू देत नसे, म्हणून त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं. सार असं: नमुने जितके कमी, तितकी आपली खात्री आपणच कमी धरायला हवी, आणि किती कमी धरायची याचा तक्ता हा घ्या. तो तक्ता आज प्रत्येक बी.एस्सी.च्या पुस्तकात मागच्या पानावर असतो. आपल्या मंडळातल्या दहा प्रयोगांनाही तोच लागतो. थोड्या वेळाने तो वापरूनच बघू.

निवडून घेतलेली 'सरासरी' गावं

इटलीत एक मजेशीर प्रकार झाला. १९२१ च्या जनगणनेचे कागद जागा अडवून बसले होते. पुढची जनगणना तोंडावर आली, जुने कागद काढायचे होते, पण थोडा नमुना जपून ठेवायचा होता. जिनी आणि गाल्वानी या दोन नामांकित संख्याशास्त्रज्ञांवर ते काम आलं. देशातल्या २१४ विभागांपैकी त्यांनी २९ विभाग विचारपूर्वक निवडले. काही ठरावीक बाबतींत या २९ ची सरासरी देशाच्या सरासरीशी जुळेल, अशी ती निवड होती.

जुळवलेल्या बाबी जुळल्या. पण बाकीच्या गोष्टी तपासल्या तर नमुना आणि देश यांत मोठा फरक निघाला. हुशार माणसांनी, चांगल्या हेतूने, अभ्यास करून निवडलेला नमुनासुद्धा फसला.

आपल्याकडे म्हणतात ना, "हे वावर बघा, हे अगदी सरासरी आहे." ते इटलीत करून झालंय.

नेमन आणि १९३४ ची सभा

आता मुख्य माणूस. येझी नेमन. जन्म १८९४, पोलिश घराण्यातला, रशियन साम्राज्यात वाढलेला. खारकोव्हला शिकला, १९२१ मध्ये पोलंडला आला, आणि पहिली नोकरी मिळाली ती बिद्गोश्च गावच्या शेती संशोधन संस्थेत. म्हणजे याचीही सुरुवात शेतातल्या आकड्यांपासूनच.

१९ जून १९३४ ला लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे नेमनने आपला निबंध वाचला. त्यात इटलीचं उदाहरण घेऊन त्याने दाखवलं की 'विचारपूर्वक निवड' भरवशाची नाही, यादृच्छिक निवडच हवी. यादृच्छिक म्हणजे कुणाच्या मर्जीने नाही, चिठ्ठीने. आणि अशी निवड केली तर नुसती सरासरी सांगून थांबू नका, तिच्याभोवती एक पट्टा सांगा, असं त्याचं म्हणणं होतं. खरी किंमत या पट्ट्यात असेल. पट्टा काढायची रीत अशी बांधायची की शंभर वेळा वापरली तर साधारण पंच्याण्णव वेळा पट्टा खऱ्या किमतीला झाकेल. १९३७ मध्ये त्याने याचं पूर्ण गणित मांडलं.

सभेत सगळ्यांनी माना डोलावल्या नाहीत. ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ आर्थर बाउली यांनी आभार मानता मानताच शंका काढली की हा 'कॉन्फिडन्स' म्हणजे 'कॉन्फिडन्स ट्रिक' तर नाही ना, म्हणजे विश्वासात घेऊन गंडवण्याचा प्रकार. त्यांची खरी तक्रार अशी होती: मला हवंय या एका नमुन्याबद्दलचं उत्तर, आणि तुम्ही सांगताय शंभर वेळा केलं तर काय होईल ते.

ही शंका आजही विद्यार्थ्यांना छळते, म्हणून जत्रेतल्या उदाहरणाने सांगतो.

जत्रेत रिंग टाकायचा खेळ असतो. खुंटी जागेवर पक्की, तुम्ही लांबून रिंग फेकता. समजा तुमचा हात इतका बसलाय की शंभर रिंगांपैकी पंच्याण्णव खुंटीत पडतात. आता डोळ्यांवर पट्टी बांधा आणि एक रिंग टाका. पडली का? एक तर पडली, नाही तर नाही पडली. खुंटी काही हलत नाही. आता तुम्ही एवढंच म्हणू शकता की ज्या हाताने टाकली, तो हात शंभरात पंच्याण्णव वेळा चुकत नाही.

खुंटी म्हणजे मंडळाचं खरं उत्पन्न. ते एकच आहे, पण आपल्याला दिसत नाही. रिंग म्हणजे आपला पट्टा. पुन्हा दहा वावरं निवडली तर पट्टा वेगळा येईल, खुंटी तिथेच राहील. "९५ टक्के" हे हाताचं प्रमाणपत्र आहे. अमुक एका रिंगेचं नाही. आणि त्या हिशेबाने वीसात एक रिंग बाहेर जाणारच, हेही त्याच प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे.

बुधचा मुलगा लंडनला

त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एक मराठी विद्यार्थी होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. पुण्याच्या फर्ग्युसनमधून १९३२ ला पदवी, लगेच पुढच्या वर्षी लंडन. नेमन आणि इगॉन पिअर्सन तिथेच शिकवत, आणि त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावरच्या विभागात रोनाल्ड फिशर. दोन्ही गटांचं पुढे इतकं बिनसलं की चहाच्या वेळाही वेगळ्या झाल्या, असं सांगतात. सुखात्मे दोन्हीकडून शिकले. १९३५ साली, म्हणजे नेमनच्या त्या निबंधानंतर वर्षभरातच, त्याच विषयावर त्यांचा स्वतःचा निबंध छापून आला. १९३६ ला डॉक्टरेट.

पट्ट्याची कल्पना नवी कोरी असताना सातारा जिल्ह्यातला मुलगा तिच्या जवळ बसून शिकत होता. हे आपल्या शाळांत कुणी सांगत नाही.

सुखात्मे परत आले, १९४० मध्ये शेती संशोधन परिषदेत रुजू झाले. इकडे इंदूरला विनायक गोविंद पानसे कापसाच्या संशोधनात संख्याशास्त्र वापरत होते. चाळीसच्या दशकात आपल्या अकोला जिल्ह्यात कपाशीवर यादृच्छिक पद्धतीने उत्पन्नाची पाहणी झाली, ती पानसे आणि कळमकर यांच्या नावाशी जोडलेली आहे. वऱ्हाडातल्या काळ्या मातीत हे तंत्र असं तपासलं गेलं. पुढे पानसे-सुखात्मे यांचं शेती संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ ला आलं. कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या ते वाचत आल्या आहेत.

गाव चिठ्ठीने निवडायचं, सर्व्हे नंबर चिठ्ठीने निवडायचा, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यातून ठरलेल्या आकड्यांइतकं आत जाऊन चौकोन आखायचा, ही सगळी शिस्त तिथून आली. तुमच्या वावरात तलाठी, ग्रामसेवक किंवा कृषी सहायक टेप घेऊन कोपरा शोधत असतील तर ते नेमनचंच काम करत असतात, त्यांना माहीत असो वा नसो.

आता हिशेब करू

आकडे मी कल्पलेले आहेत, फक्त रीत समजावी म्हणून. समजा एका मंडळात सोयाबीनचे दहा प्रयोग झाले. हेक्टरी क्विंटल असे आले: ६, १४, ९, ११, ४, १३, ८, १२, ७, १६.

बेरीज १००, सरासरी १०. नेहमी इथेच थांबतात. आपण पुढे जाऊ.

प्रत्येक वावर सरासरीपासून किती लांब आहे ते बघा. पहिलं ४ ने कमी, दुसरं ४ ने जास्त, असं. या फरकांचे वर्ग करून बेरीज घेतली तर १३२ येते. तिला एक कमी दहाने, म्हणजे ९ ने भागलं तर १४.६७. वर्गमूळ ३.८३. ही झाली वावरा-वावरातली तफावत.

आता तिला दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३.१६ ने भागा. १.२१ आले. सरासरी साधारण किती डळमळते, ते या आकड्यावरून कळतं.

शेवटी गॉसेटचा तक्ता. दहा नमुन्यांसाठी ९५ टक्क्यांचा गुणक २.२६ आहे. १.२१ गुणिले २.२६ म्हणजे सुमारे २.७.

पट्टा तयार: १० वजा २.७ ते १० अधिक २.७. म्हणजे ७.३ ते १२.७ क्विंटल.

कागदावर "१०" लिहिलेलं असतं. प्रामाणिक वाक्य असं हवं: मंडळाची खरी सरासरी ७.३ ते १२.७ च्या मध्ये असावी, आणि असं म्हणण्याची आमची रीत शंभरात पंच्याण्णव वेळा बरोबर ठरते.

आता पैशाचं बघा. समजा उंबरठा उत्पन्न १०.५ आहे आणि विमा संरक्षित रक्कम, हिशेबाला सोपी म्हणून, हेक्टरी ५०,००० रुपये. सरासरी १० धरली तर तूट अर्ध्या क्विंटलची, भरपाई सुमारे २,३८० रुपये. खरी सरासरी ७.३ असेल तर भरपाई १५,२०० च्या आसपास व्हायला हवी होती. आणि १२.७ असेल तर शून्य.

एकाच दहा वावरांतून तिन्ही शक्यता निघतात. शून्य, अडीच हजार, पंधरा हजार. यात कुणी चोरी केली असं मी म्हणत नाही. सगळं नियमाने, प्रामाणिकपणे केलं तरी दहा वावरांची ताकद एवढीच आहे. आणि हे दोन्ही बाजूंनी चालतं. कधी शेतकऱ्याला जास्त मिळेल, कधी कंपनी वाचेल.

आणखी दोन गोष्टी. प्रयोग एका गावात दोन-दोन असे घेतले जातात. एकाच गावची दोन वावरं एकाच पावसात भिजलेली असतात, म्हणून ती दहा वावरं खऱ्या अर्थाने दहा नसतात, आणि पट्टा मी दाखवला त्याहून रुंदच असतो. दुसरं, उंबरठा उत्पन्नही मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीतून येतं. ती वर्षंही अशाच प्रयोगांतून मोजलेली. म्हणजे ज्या रेषेशी तुलना करतो, ती रेषाही डळमळीत आहे.

दहाऐवजी चाळीस केले तर?

तफावत तीच धरली, प्रयोग चाळीस केले, तर पट्ट्याची बाजू २.७ वरून १.२ वर येते. चौपट मेहनत, तेव्हा पट्टा निम्म्याच्या थोडा खाली. कारण आपण वर्गमुळाने भागतो. उलट चार प्रयोगांवर आलो तर? गुणक ३.१८ होतो आणि बाजू जाते ६.१ वर. ३.९ ते १६.१. म्हणजे जवळपास काहीच न सांगण्यासारखं.

पंतप्रधान पीक विमा योजनेच्या २०१६ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांत मंडळ पातळीवर किमान १० आणि ग्रामपंचायत पातळीवर मुख्य पिकाला किमान ४ प्रयोग सांगितले होते. गावाला न्याय गावाच्या पिकावर मिळावा ही मागणी रास्तच आहे. पण चार प्रयोगांत तो मिळत नाही, हेही त्याच वेळी बोललं पाहिजे.

हे असं का झालं, त्याचाही इतिहास आहे. कापणी प्रयोगाची पद्धत जिल्ह्याचं आणि राज्याचं उत्पन्न काढण्यासाठी बांधली होती. मोठ्या पिकाला जिल्ह्यात साधारण ८० ते १२० प्रयोग असतात. तेवढ्यावर पट्टा बऱ्यापैकी अरुंद होतो. मग सत्तरच्या दशकात पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी मांडलं की एकेका शेताचं नुकसान मोजत बसण्यापेक्षा क्षेत्राचं सरासरी उत्पन्न घेऊन विमा द्या. लबाडी कमी होईल, खर्च वाचेल. १९८५ च्या पीक विमा योजनेत ही क्षेत्राची पद्धत आली, १९९९ च्या योजनेत राहिली, २०१६ मध्येही राहिली. कल्पना चांगली होती आणि आहे. पण क्षेत्र जिल्ह्यावरून तालुक्यावर, तालुक्यावरून मंडळावर आलं, तसे एकेका क्षेत्राच्या वाट्याचे प्रयोग कमी होत गेले. सरासरी खालपर्यंत पोचली, तिचा पट्टा वाटेतच राहिला.

पट्टा काय सांगत नाही

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पट्टा फक्त नशिबाची चूक मोजतो. माणसाची चूक तो मोजत नाही.

१९३६ ची अमेरिका. 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीसाठी सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. वीस लाखांवर परत आल्या. एवढ्या नमुन्यावर पट्टा काढला तर केसाएवढा बारीक येईल. त्यांनी सांगितलं, लँडन जिंकणार, ५७ टक्के. प्रत्यक्षात रूझवेल्ट ६१ टक्के मतं घेऊन जिंकले, ४८ पैकी ४६ राज्यांत. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारगाडी असणाऱ्यांच्या याद्यांतून, मंदीच्या काळात. शिवाय ज्यांना राग होता त्यांनीच जास्त करून उत्तरं पाठवली. वीस लाख रिंगा टाकल्या, पण दुसऱ्याच खुंटीवर.

आपल्याकडचं उदाहरण तर थेट शेतातलं आहे. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी मोठ्या पाहण्या उभारल्या. पीक कापायला ते लहान वर्तुळं वापरत. पटकन होतं, जास्त जागी करता येतं. सुखात्मेंनी हरकत घेतली. प्लॉट लहान असला की कडेवरची झाडं आत धरायची की बाहेर, हा प्रश्न फार वेळा येतो, आणि माणसाचा हात नकळत ती आत ओढतो. त्यामुळे उत्पन्न जास्त दिसतं. १९४६ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी हे छापलं. महालनोबिस यांनीही त्याला उत्तर दिलं. दोन दिग्गज, दोघेही प्रामाणिक, आणि वाद कशावर, तर कडेच्या चार झाडांवर.

पण ती चार झाडं महत्त्वाची आहेत. प्लॉट दहाचे हजार केले तरी कडेची झाडं प्रत्येक वेळी आत येत असतील तर चूक तशीच राहते. उलट पट्टा अरुंद होत जातो आणि आपण चुकीच्या आकड्याबद्दल जास्तच निश्चिंत होतो.

म्हणून चिठ्ठीत आलेलं वावर सोडून रस्त्याकडेचं वावर घेतलं, कापणी आधीच उरकली म्हणून शेजारचं पीक कापलं, कुणाच्या दबावाखाली वजन लिहिलं, तर कुठलंच सूत्र ते पकडणार नाही. आता काही पिकांना उपग्रहाच्या छायाचित्रांवरून काढलेला अंदाजही हिशेबात मिसळतात. चांगलं आहे. पण त्या आकड्यालाही हेच दोन प्रश्न लागू आहेत: पट्टा किती, आणि कल कुठे.

आणि एक गैरसमज. ७.३ ते १२.७ हा मंडळाच्या सरासरीचा पट्टा आहे, तुमच्या वावराचा नाही. वरच्या यादीत ४ क्विंटलचं वावर आहे, १६ चंही आहे. दोन्ही पट्ट्याच्या बाहेर, आणि तरी हिशेब बरोबर. ज्याला ४ झाले, त्याचं दुःख खरं आहे. पण "माझं तर चारच झालं, मग मंडळाचं दहा कसं?" हा मुद्दा पुढे टिकत नाही. टिकणारा मुद्दा वेगळा आहे.

मग मागायचं काय?

मंडळाची सरासरी जाहीर होते तेव्हा चार गोष्टी मागा. ग्रामपंचायतीच्या ठरावाने मागा, नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा.

एक, प्रयोग किती ठरले होते आणि किती झाले. दोन, प्रत्येक प्रयोगाचं वेगवेगळं वजन, नुसती सरासरी नको. ही वजनं हातात आली की वरचा हिशेब बारावीतलं पोरगं दहा मिनिटांत करून देईल. तीन, कुठली गावं आणि कुठले सर्व्हे नंबर चिठ्ठीत निघाले होते आणि प्रत्यक्षात कुठल्या वावरात कापणी झाली. चार, वावर बदललं असेल तर का बदललं आणि पंचनाम्यावर कुणाच्या सह्या आहेत.

कापणीच्या दिवशी गावस्तरीय समितीचे सदस्य म्हणून ज्यांची नावं आहेत, त्यांनी तिथे हजर राहावं. सही घरपोच येते म्हणून घरी बसू नये. कडेचं झाड आत की बाहेर, हे तिथेच ठरतं. नंतर आंदोलन करून ते झाड बाहेर काढता येत नाही.

लोकप्रतिनिधींकडे मागायचं ते असं: सरासरीसोबत पट्टाही जाहीर करा. जिथे उंबरठा पट्ट्याच्या आत पडतो, म्हणजे जिथे प्रयोगांना खरं तर निकाल देताच येत नाही, तिथे काय करायचं याचा नियम आधीच ठरवा. जास्तीचे प्रयोग करा, नाही तर शंकेचा फायदा कुणाला ते लिहून ठेवा. आज तो फायदा कुणाला जातो ते नाणेफेकीवर आहे.

सुखात्मे पुढे १९५१ ला रोमला गेले, जागतिक अन्न व कृषी संघटनेत. जगभरच्या उपासमारीचे आकडे मोजायचं काम वीसेक वर्षं केलं, पद्मभूषण झाले, १९९७ ला पुण्यात वारले. त्यांनी आणि पानसेंनी जी रीत आपल्या शेतांत आणली, तिच्यात सरासरी आणि पट्टा जोडीने होते. त्यातलं एकच ठेवून दुसरं टाकून द्यायचं, हे नंतरच्या फायलींनी केलं.

टपरीवरच्या त्या भावाला माझं उत्तर एवढंच: मंडळ दहा वावरांत मावतं, पण सैलसर मावतं. किती सैल, ते मोजता येतं. नव्वद वर्षांपूर्वी ते मोजून दाखवलेलं आहे. ते मोजून मागणं हा आपला हक्क आहे.

तुमच्या मंडळात यंदा प्रयोग कुठल्या गावांत झाले, तुम्हाला आधी कळलं होतं का, वजन होताना कोण हजर होतं, खाली लिहा. वेगवेगळ्या प्लॉटची वजनं कुणाकडे असतील तर तीही टाका. पट्टा आपण इथेच काढू.